मी तापलो म्हणून बरं झालं

मित्रांनो, शिवणयंत्राशेजारच्या फळीवर तो चपटा काळा डबा दिसतोय ना, तो मी. मी एक जुना रेडिओ आहे, पण गाणी वाजवणारा नव्हे. मी ऐकतो आणि बोलतोही. माझ्या कुशीतून वेटोळ्यांची एक वायर निघते, तिच्या टोकाला मुठीत मावेल एवढा माइक आहे. त्याचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम मला जमत नाही. तुम्हालाही जमत नाही, फक्त तुम्ही ते कबूल करत नाही!

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका बाईंनी माझ्या पोटातला एकेक जोड डाख देऊन पक्का केला आणि मला खोक्यात घालताना पाठ थोपटली. त्या पाठीवर धातूच्या पट्ट्या आहेत. मी बोलू लागलो की आतून तापतो आणि ती ऊब या पट्ट्यांतून बाहेर जाते. नुसता ऐकत असलो की मी गार. एवढं ध्यानात असू द्या.

पहिल्या मालकाने नवा संच घेतला तेव्हा मी जुन्या सामानाच्या दुकानातून या घरी आलो. घरात तिघं. शाळेची बस चालवणारा मुलगा, कपडे शिवणारी त्याची बायको आणि त्याची आई. दोघा नवराबायकोंना रेडिओचं भारी वेड. रीतसर परीक्षा देऊन त्यांनी परवाने काढले. माझ्यासारखाच एक संच बसमध्येही बसवला.

आभाळ फिरलं की आमच्या भागातले असे हौशी लोक आपापल्या जागा धरतात. कोणी गच्चीवर, कोणी टेकडीवर. दिसेल ते रेडिओवर कळवतात. त्याचे पैसे मिळत नाहीत, भिजायला मात्र भरपूर मिळतं. आमच्या सूनबाई घरी बसून एकेकाला हाक मारायच्या, सगळ्यांचं ऐकायच्या आणि ज्याला सावध करायचं त्याला सावध करायच्या. नियम दोनच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, आणि सांगून झालं की "ओव्हर" म्हणून बटण सोडायचं.

सासूबाईंना मात्र मी डोळ्यांसमोर नको असे. "काम ना धाम, नुसतं गुरगुरतंय मेलं," असं म्हणत त्या माझ्यावरची धूळ पुसायच्या. पण पुसायच्या रोज, हेही खरं.

त्या दुपारी वारा एकदम पडला. फोन सकाळपासूनच बंद होते. आमच्या मंडळींतले घड्याळं दुरुस्त करणारे काका दुकान बंद करून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले होते. बस मुलांना घेऊन शाळेतून निघाली होती आणि तिला नदीवरचा पूल ओलांडायचा होता. खालच्या रस्त्यावरून टेकडीपलीकडचं आभाळ दिसत नाही. म्हणून बसची सगळी भिस्त काकांच्या डोळ्यांवर होती.

सूनबाईंनी सगळ्यांची हजेरी घेतली, माइक टेबलावर ठेवला आणि हातातला पडदा शिवायला घेतला. पडद्याचा घोळ माइकवर आला, मी बोलताना माइकवर लागणारा लाल दिवाही त्याखाली झाकला गेला. मग त्यांनी आपली जाडजूड कात्री त्या कापडावर ठेवली. ती बरोबर बटणावर बसली.

झालं! मी बोलू लागलो. म्हणजे काय बोलणार? मशीनची खडखड, आणि तिच्यावर सासूबाईंचा आवाज.

"त्या घड्याळवाल्याला रेडिओवर बोलू कशाला देतात गं? घसा आहे की गंजलेली कडी!"

"आई, हळू. चांगला माणूस आहे तो."

"चांगला असेल. मी घशाबद्दल बोलतेय."

हे सगळं टेकडीवर, गच्च्यांवर, बसमध्ये, सगळीकडे ऐकू जात होतं. आणि तिकडून कोणी काही सांगू म्हटलं, तर ते आमच्या खडखडीखाली दबून जात होतं. काका ओरडत असणार. बस पुलाच्या दिशेने येत असणार. माझ्या जिवाची नुसती घालमेल! माझ्याच तोंडून सगळं बाहेर जात होतं आणि "कात्री उचला" एवढे दोन शब्द मला स्वतःचे म्हणून बोलता येत नव्हते.

सूनबाई एकदा थांबल्या. "कोणीच कसं बोलत नाही? ह्यांनी तरी काही कळवायला हवं होतं."

"सगळं ठीक असेल म्हणून गप्प असतील," सासूबाई म्हणाल्या. पण पोटचा पोरगा रस्त्यावर होता, त्यांनाही चैन पडेना. करायला काही नाही म्हणून त्यांनी फडकं घेतलं आणि मला पुसायला आल्या. पाठीवर हात पडला मात्र, त्यांनी तो झटकन मागे घेतला. मग पुन्हा ठेवला, लेकराचा ताप बघतात तसा.

"अगं, हा तापलाय! तोंडातून शब्द नाही आणि अंग बघ कसं भाजतंय!"

तापलाय म्हणजे बोलतोय, हे सूनबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी कात्री भिरकावली, पडदा ओढला. बटण सुटलं आणि त्याच क्षणी तो गंजलेल्या कडीचा आवाज माझ्यातून फुटला. "कोणी ऐकतंय का? टेकडीच्या मागून काळी भिंत उतरतेय! वाटेतले पत्रे उडताना दिसतायत! बस थांबवा!"

"बस, पुलावर जाऊ नका! आहात तिथे आडोशाला थांबा! ओव्हर." सूनबाईंनी बटण सोडलं. सासूबाईंनी माझी पाठ धरूनच ठेवली होती, भाजत असूनही.

थोडी खरखर झाली. मग बसमधून आवाज आला, "ऐकलं. सिमेंटच्या गोदामात बस घालतो."

वादळ आलं, घराची दारं हादरवून गेलं. नंतर बराच वेळ नुसती खरखर. आणि मग पुन्हा तो आवाज. "सगळी मुलं सुखरूप आहेत. पुलाच्या तोंडाशी मोठं झाड पडलंय. आम्ही तिथेच असतो गं." लगेच तो पुढे म्हणाला, "आणि आईला सांग, काकांनी सगळं ऐकलंय!"

हुश्श! सूनबाई रडता रडता हसू लागल्या. टेकडीवरून काका म्हणाले, "आजी, कडीला तेल घालून घेतो. ओव्हर." सासूबाई पदरात तोंड लपवून खुदुखुदु हसत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते.

तेव्हापासून आमच्या मंडळींत हजेरीच्या आधी विचारतात, "बटण मोकळं?" एकेक जण "मोकळं" म्हणतो, मगच पुढचं काम. आता बोलायला नवा संच आहे. बटण अडकलं तर तो आपला आपण बंद होतो. मला नुसतं ऐकायला ठेवलंय.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर त्याला अधूनमधून हात लावून बघा. आणि आपलं सांगून झालं की बटण सोडा. पलीकडे कोणी जिवाच्या आकांताने काही सांगत असेल.

आभाळ भरून आलं की सासूबाई अजून माझ्यापाशी येतात. फडकं बाजूला ठेवून माझ्या पाठीवर तळवा टेकवतात.

"गार आहे," त्या सुनेला सांगतात. "ऐकतोय."