चाकातली पत्रिका

“दामाजीराव, माझी कणीक चाकाला कुणी लावली?”

आवडाक्का हातात परात घेऊन दारात उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत, जिथं एरवी पाहुणे बसायचे तिथं, जुन्या पेपरांवर मारुती गाडीची चार चाकं मांडली होती. मधोमध दामाजी बनियनवर उकिडवा बसला होता. नाकाला रुमाल बांधलेला, हातात ढेकणांचं औषध मारायचा पंप. पंपात औषधाऐवजी चंदेरी रंग.

“लिंबाएवढीच घेतली, अक्का. हवा भरायच्या तोंडावर रंग जाऊ नये म्हणून.”

“संध्याकाळी केळवणाला माणसं येणार. ती काय चाकं चाटणार?”

दामाजीनं उत्तर म्हणून पंप मारला. चाकाबरोबर आवडाक्कांच्या पायाची करंगळीही चंदेरी झाली.

आवडाक्का म्हणजे दामाजीच्या बायकोची, तुळसाची, थोरली बहीण. तुळसा दिवाळीत गेली आणि अक्का दिव्याच्या घरून आल्या त्या इथंच राहिल्या. वर्षाच्या आत मुलीचं लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं त्यांनीच ठणकावून सांगितलं होतं. म्हणून जयाचं लग्न वैशाखात धरलं होतं.

दामाजीनं जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. गाडी थांबवणं आणि सोडणं त्याच्या हातात, चालवणं दुसऱ्याच्या. रिटायर झाल्यावर त्यानं जुनी मारुती घेतली खरी, पण स्वतः चालवायची म्हटलं की तो बिचकायचा. इंजिन सुरू करून नुसता समोर बघत बसायचा. मग शेजारी बसलेली तुळसा अंगठीनं डॅशबोर्डवर दोनदा वाजवायची. टक, टक. डबल बेल मिळाली की दामाजीचा पाय आपोआप क्लचवरून उठायचा. एकदा वर्तकनगरच्या नाक्यावर ती रुसून गप्प बसली, तर मागं रिक्षांची रांग लागली होती.

गाडीच्या आधीच्या मालकानं हौसेनं अलॉयची चाकं बसवली होती. तुळसाला ती भांड्यांसारखी वाटली. तिनं चिंच आणि राख घेऊन काथ्यानं चारही चाकं घासली. चमकायची सोडून ती डागाळली, कोड फुटल्यासारखी दिसायला लागली. “वाळल्यावर उजळतील,” ती म्हणाली. उजळली नाहीत. पुढं तिनं त्यावर एकच तोडगा काढला. “जयाला सासरी पाठवायची ती आपल्याच गाडीतून. तोवर माझी चाकं तेवढी नीट करून ठेवा.”

चाकं करायची राहून गेली होती. आता लग्न चार दिवसांवर आलं होतं.

सकाळी पॉलिशपेपरनं घासताना दामाजीला काथ्याचे ओरखडे दिसले होते. गोल गोल, तुळसाच्या हाताच्या वळणाचे. तिथं त्यानं जरा हलक्या हातानंच घासलं.

टायरला रंग लागू नये याची युक्ती खालच्या मजल्यावरच्या गुणाजीची. गुणाजीनं जन्मभर कंपनीचा टेम्पो चालवला होता, त्यामुळं गाडीविषयी त्याचा शब्द बिल्डिंगीत शेवटचा.

“हवा सोड,” तो म्हणाला होता. “टायर सैल पडला की रिमच्या कडेनं जाड पत्ते खोचत जा. पत्त्यांचा जोड आहे ना घरात?”

“तुळसानं बंबात घातला. तुझ्यासोबत रमी खेळतो म्हणून.”

“मग दुसरं काहीतरी जाड बघ.”

जाड म्हणून दामाजीला कपाटावरचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडला. उरलेल्या असणार. पत्रिका छान टणक होत्या, पाकीट नसलेल्या. चष्म्यावर रंग उडेल म्हणून तो त्यानं आधीच काढून ठेवला होता. त्यानं एकेक पत्रिका खोचली आणि चाकांना गणपतीमागच्या प्रभावळी आल्या.

रंग वाळला. दामाजी इतका खूश झाला की पायपंप आणून त्यानं आधी सगळ्या टायरांत हवाच भरली. पत्रिका काढायच्या राहिल्यात हे लक्षात आलं तेव्हा टायरांनी त्या दातांत धरल्या होत्या.

आवडाक्का करंगळी रॉकेलनं पुसून परत आल्या आणि खाली वाकल्या. “विमलाबाई आणि परिवार,” त्यांनी चाकावरून वाचलं. मग दुसऱ्या चाकावरून, “श्री. तानाजी... अगं जया! वाटायच्या पत्रिका गं! हळदीकुंकू लावलेल्या! तुझ्या बापानं टायरात घातल्या!”

जया धावत आली. बापाकडं बघितलं, चाकांकडं बघितलं, आणि ती भिंतीला टेकून हसत सुटली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. दामाजीला वाटलं, आणखी दोन चाकं असती तर बरं झालं असतं.

हवा सोडून पत्रिका काढल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर चंदेरी कमान उमटली होती. नव्या छापायला वेळ नव्हता.

“डिझाइन आहे म्हणायचं,” आवडाक्कांनी निकाल दिला.

एक पत्रिका मात्र निघेना. रंगानं ती रिमला घट्ट चिकटली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. “ओढलं तर रंगाचं सालपट निघेल,” गुणाजी म्हणाला. “सावकाश ब्लेडनं कापू.” मग चाकं गाडीला चढली आणि ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगीतल्या मंजुळाबाई दारात आल्या. त्यांची पत्रिका आठवड्यापूर्वीच पोचली होती.

“विमलाबाईंना चांदीची कड, आणि आम्हाला साधी? आम्ही काय आहेर करणार नाही?”

“तसं नाही वहिनी...”

“मग कसं? सोसायटीत काय दोन भाव आहेत?”

दामाजीनं डोकं खाजवलं आणि पंप उचलला. त्यांच्या दारात जाऊन, पुठ्ठा आडवा धरून, त्यानं मंजुळाबाईंच्या पत्रिकेवर कमान मारून दिली. बातमी जिन्यानं पसरली. संध्याकाळपर्यंत तो पंप घेऊन घरोघर फिरत होता आणि लोक पत्रिका घेऊन दारात उभे राहत होते. “पुढं सरका, पुढं सरका,” तो सवयीनं म्हणत होता. एकांच्या दारावरच्या नावाच्या पाटीवरही कमान आली. ते म्हणाले, राहू दे, शोभतेय.

हळदीच्या सकाळी जया गठ्ठ्याची जागा चाचपत होती.

“बाबा, सगळ्यात वरची पत्रिका कुठंय?”

“कुणाची?”

“आईची. देवाची पहिली लिहिली, दुसरी तिची. आज फोटोपुढं ठेवायची होती.”

दामाजी उठला. चष्मा घालून खाली गेला. गाडीच्या मागच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला. चिकटलेल्या पत्रिकेच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर हळदीकुंकवाचं बोट होतं, आणि शेजारी जयाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ती. आईस’. बाकीचं रंगाखाली होतं.

गुणाजी ब्लेड घेऊन आला. “चल, उडवून टाकू.”

“नको.”

“अरे, अर्धी बाहेर आलीय. मडगार्डला घासणार. दर फेऱ्याला वाजेल.”

“वाजू दे.”

“लोक हसतील रे.”

“हसू देत. ब्लेड खिशात ठेव.”

गुणाजीनंही वाकून वाचलं. मग ब्लेड खिशात ठेवलं आणि उगाचच टायरची हवा तपासली.

जया खाली आली तेव्हा दामाजीनं नुसतं बोट दाखवलं. ती चाकापाशी बसली. अक्षरांवरून बोट फिरवलं. उठताना म्हणाली, “फोटोपुढं नुसतीच बसली असती. हे बरं.”

लग्न लागलं, जेवणं उठली. पाठवणीच्या वेळी गाडी हॉलच्या दारात लागली, झेंडूच्या माळा घातलेली. जया आणि जावई रतन मागं बसले. मानपाड्याला, सासरच्या दारापर्यंत, गाडी गुणाजी चालवणार होता. आवडाक्का पदर डोळ्याला लावून सगळ्यांना सूचना देत होत्या. जावयाच्या काकांनी चाकाकडं बोट दाखवलं.

“अहो व्याही, चाकात कागद अडकलाय.”

“माहीत आहे,” दामाजी म्हणाला. “आमच्या घरचंच माणूस आहे.”

काकांना काही कळलं नाही. बारा वाजून गेले होते, ऊन चाकांवर पडलं होतं, आणि डागाचा मागमूस नव्हता.

गुणाजीनं इंजिन सुरू केलं, पण गाडी सोडली नाही. आरशातून तो दामाजीकडं बघत राहिला.

फुटपाथवर उभ्या दामाजीचा उजवा हात वर गेला. डोक्याच्या वर, जिथं एसटीत घंटेची दोरी असते तिथं. रिकाम्या हवेत त्यानं ती दोनदा ओढली.

गाडी हलली. मागच्या चाकातून आवाज आला, टक. थोड्या वेळानं पुन्हा, टक.

गाडी वळणाआड गेली तरी दामाजीनं हात खाली घेतला नव्हता.