जांभळे जिंकणार!

वेल्ह्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खांद्यावर घोंगडी टाकून वरच्या वाड्यांतून उतरलेले म्हातारे, डेअरीला दूध घालून परत निघालेल्या बाया, तहसील कचेरीत दाखल्यासाठी आलेली माणसं, सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या टीव्हीला चिकटले होते. टीव्हीवर अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा सामना चालू होता.

"जाळीत टाकला की किती मार्क, वो?"

"तुला काय करायचंय? जांभळी बनियन म्होरं हाय का मागं, येवढंच बघ."

एकीकडे जांभळे, दुसरीकडे हिरवे. शेवटच्या क्षणाला एका उंच खेळाडूने लांबून चेंडू फेकला, तो जाळीच्या कड्यावर थोडा घुटमळला आणि आत पडला. जांभळे जिंकले. पण कुणी टाळी वाजवली नाही. सगळी गर्दी कुमारसरांकडे वळली.

कुमारसर म्हणजे गावातल्या शाळेचे खेळाचे शिक्षक. पुण्यात कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळलेला हा एकटाच माणूस आसपास होता. शाळेमागच्या मैदानात स्वतः खांब रोवून त्यांनी मुलींचा संघ उभा केला होता. ते बाकावर चढले.

"सामना सुरू व्हायच्या आधी हैबतीबाबांनी माझ्या कानात सांगितलं होतं, जांभळे जिंकणार! पहिल्या सामन्यापासून एकही चुकलेला नाही. हे सरावाचे सामने आहेत. यात मोठमोठे खेळाडू बसवून ठेवतात, कोण जिंकेल ते त्यांच्या प्रशिक्षकालाही सांगता येत नाही. हा अंदाज नव्हे मंडळी. मी हा खेळ जाणतो, म्हणून सांगतो!"

"अंतर्यामी बापूंचा जय!" हॉटेल दणाणलं. हैबतीबाबांच्या पाया पडायला रांग लागली. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला तो म्हातारा गोंधळून नुसते हात जोडत राहिला.

हे अंतर्यामी बापू पावसाळ्याच्या शेवटी नसरापूरला उगवले होते. हायवेजवळ भाड्याच्या शेडमध्ये त्यांचा दरबार भरे. बापूंचं बोलणं असं:

"बाळांनो, क्रिकेटचं भाकीत कुणीही करील. पण सातासमुद्रापलीकडं, आपला दिवस ती ज्यांची रात्र, तिथल्या चेंडूचं मन आम्ही वाचतो! चेंडूला जीव आहे. का? तर त्यात हवा आहे, आणि हवा म्हणजेच प्राण!"

या हिशेबाने सायकलच्या ट्यूबशीही बापूंचं बोलणं होत असणार. पण तसं कुणी विचारलं नाही. दरबाराला येणाऱ्या लांबलांबच्या वाड्यांतून बापू एकेक वडीलधारं माणूस निवडत, त्याचा मोबाईल नंबर घेत आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी फोन करत. "उद्या अमुक जिंकतील. कुणापाशी बोलू नकोस, बोललास तर वाणी आटते. सलग पाच वेळा खरं ठरलं की मग जगाला सांग."

हैबतीबाबांनी वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं. पण सांगितलेला संघ जिंकला की हरला हे कळायला वाट एकच होती. त्यांची नात रत्ना कुमारसरांच्या संघात खेळायची. तिला सोडायला आले की बाबा सरांना बाजूला घ्यायचे. "सर, काल निळी जितली का?" पहिल्यांदा सर हसले. दुसऱ्यांदा चकित झाले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "बाबा, उद्याचं काय म्हणतायत?" पाचव्या वेळी तर त्यांना झोप लागेना; जांभळ्यांची बातमी त्यांच्याच तोंडून गावभर झाली. आजवर ज्या खेळाला लोक पोरींचं खूळ म्हणायचे, त्याची चर्चा आता चहाच्या टपरीवर चालली होती. लोक सरांना थांबवून नियम विचारायचे. हे त्यांना फार आवडत होतं.

त्या विजयानंतर बापूंनी मोठी वाणी काढली. "हंगाम आता सुरू होतोय. जूनमध्ये करंडक उचलतील ते जांभळेच. आणि हे जितकं खरं, तितकंच खरं, की आमच्या भक्ताच्या घरातला आजार जांभळ्यांसोबत एकेक पायरी चढून निघून जाईल. औषधानं वाणीला विटाळ होतो. औषध बंद!"

भक्ताच्या घरातला आजार म्हणजे हैबतीबाबांची बायको भामाबाई. तिला क्षयरोग झाला होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, खोकला कमी झाला होता, अंगावर जरा मांस चढलं होतं. बापूंना एक पोसलेला मेंढा पोचला आणि गोळ्यांची पाकिटं वळचणीला गेली. दवाखान्याकडून आशाताई विचारायला आल्या की भामाबाई सांगायची, "खाते की, बाई."

नोव्हेंबर सरत आला तेव्हा एका सकाळी रत्ना सरावाला आली नाही. दुपारी सरांना कळलं, भामाबाईला रक्ताची उलटी झाली म्हणून टेम्पोत घालून दवाखान्यात आणलंय.

सर धावत पोचले. दवाखान्याच्या डॉक्टर प्रेरणा बाहेरच भेटल्या. त्या संतापल्या होत्या.

"गोळ्या महिन्याभरापूर्वीच सोडल्यात त्यांनी. मी विचारलं का, तर म्हणाल्या, जांभळे जिंकतायत. सर, हे जांभळे कोण?"

कसंबसं सरांनी सगळं सांगितलं. बाकावर चढून काय बोललो तेही सांगितलं.

व्हरांड्यात पायाला पट्टी बांधून घेत बसलेली एक म्हातारी ते ऐकत होती. पानशेतच्या बाजूच्या वाडीतली बाळाबाई. ती फणकारली, "कोन, त्यो बापू? मेला खोटारडा हाय! मला म्हनला, निळी हरत्याल. म्या नातवाला मोबाईल बघाया लावला, तर निळी जितली. पुन्यांदा फोनच केला न्हाई मेल्यानं!"

"निळे?" सर दचकले. "आजी, पहिल्याच सामन्याला?"

"व्हय. पयलाच."

त्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळीच बापूंनी हैबतीबाबांना सांगितलं होतं, निळे जिंकतील.

डॉक्टर सरांकडे वळल्या. "सर, बरोबर आलेली सगळी भाकितं तुम्ही पाहिलीत. चुकलेली कुठं गेली, हे कधी विचारलंत?"

सरांना तिथल्या तिथे सगळा डाव दिसला. बापूंनी निम्म्या वाड्यांना एक संघ सांगितला, निम्म्यांना दुसरा. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून दिलं. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग, पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी एक असा उरणारच, ज्याच्याबाबतीत प्रत्येक वेळी खरं ठरलं. ते हैबतीबाबा निघाले. कुणीही निघालं असतं. आणि चुकलेले गप्प राहिले, कारण बहुतेकांना वाटलं असणार, आपल्याच घराचं काहीतरी पाप असेल.

पुढचे काही दिवस शाळा सुटली की सर मोटरसायकल काढायचे. खाली गाडी लावून वाड्या चढायचे. बहुतेक ठिकाणी आधी माणसं बोलायची नाहीत. मग सर म्हणायचे, "बाबा, तुमचं पाप नाही. माझं आहे." मग ती बोलायची.

नसरापूरच्या बाजाराच्या दिवशी दरबार शेडबाहेरच्या मैदानापर्यंत गच्च भरला होता. सर पुढे आले. मागोमाग डॉक्टर प्रेरणा आणि वाड्यांवरची दहा-बारा माणसं.

"या कुमारसर!" बापू गालात हसले. "जांभळे कसे आहेत?"

"बापू, पहिल्या सामन्याला तुम्ही बाळाबाईंना काय सांगितलंत?"

बाळाबाई उभी राहिली, बोलली. मग दुसऱ्या वाडीचा सावळाराम उभा राहिला. "मला दुसऱ्या सामन्याला चुकीचं सांगितलं." मग तिसरा. गर्दीत कुजबुज सुरू झाली. बापू मात्र डगमगले नाहीत.

"बाळांनो, वाणी एकच. ज्याची श्रद्धा डळमळीत, त्याच्या कानात शिरताना ती उलटी होते!"

"बरं," सर म्हणाले. "मग आपण सगळेच अंतर्यामी आहोत का ते बघू. छापा पडेल असं वाटणाऱ्यांनी लिंबाखाली जा. काटा वाटणाऱ्यांनी भिंतीकडं." त्यांनी खिशातून नाणं काढलं. लोकांना गंमत वाटली, गर्दी दोन्हीकडे फाटली. नाणं उडालं. छापा. भिंतीकडचे खाली बसले. उरलेल्यांनी पुन्हा बाजू निवडली, पुन्हा नाणं उडालं. दर खेपेला निम्मी माणसं बसत गेली. शेवटी मैदानात एकटी चंद्राबाई उभी होती. हातात शेळीचं दावं.

"आजी, एकदाही चुकला नाहीत! कसं ओळखलंत?"

चंद्राबाई लाजली. "म्या कुठं वळखलं? शेळी वढील तिकडं म्या गेले. तिला लिंबाचा पाला पायजेल हुता, मंग भिताडाकडचं गवत."

असा हशा पिकला की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. "अंतर्यामी शेळीचा जय!" कुणीतरी ओरडलं.

सर हसले नाहीत. त्यांनी हात वर केला. "इतकी माणसं असली की कुणीतरी एक उरतंच. त्यात शेळीची करामत नाही, बापूंचीही नाही. बापूंनी फक्त चुकलेली माणसं लपवली. आणि उरलेल्याला मी बाकावर चढून खरं ठरवलं. माझ्या शब्दावर एका बाईच्या गोळ्या बंद झाल्या. ती आज पुण्याला औंधच्या इस्पितळात आहे."

बापू मागच्या दाराने निघाले होते; दारात डॉक्टरांनी आधीच बोलावलेले पोलीस उभे होते. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार नोंदली गेली. डॉक्टरांनी सही केली, सरांनी केली, आणि हैबतीबाबांनी अंगठा उठवला.

पण सरांच्या छातीवरचं ओझं त्याने उतरलं नाही. मध्येच सोडल्यामुळे जुन्या गोळ्या भामाबाईला लागू पडेनात. नव्या सुरू झाल्या, जास्त दिवसांच्या, मळमळ आणणाऱ्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा रत्नाच्या छातीतही डाग निघाला.

सर इस्पितळात गेले. हैबतीबाबा खाटेशी बसले होते. भामाबाई सुकून एवढीशी झाली होती. सर खाली मान घालून म्हणाले, "आजी, बापूनं फसवलं, पण मीही..."

भामाबाईने त्यांना थांबवलं. आवाजात राग नव्हता. "गुर्जी, त्या बापूला आमी कुठं वळखत हुतो? तुमाला वळखत हुतो."

बाहेर येऊन सर जिन्यात बसून राहिले.

वाचकहो, भामाबाई अडाणी नव्हती. शिकलेल्या माणसाने खात्री दिली म्हणून तिने विश्वास ठेवला. चमत्कार कानावर आला की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: चुकलेलं कुठं आहे? ज्याला गुण आला नाही, ज्याचं भाकीत हुकलं, तो माणूस कुठं बसलाय? त्याला शोधल्याशिवाय कुणी बाकावर चढू नये. शिकलेल्याने तर मुळीच नाही.

जानेवारीत भामाबाई घरी आली. सर दर रविवारी वाडी चढून जात. आजी आणि नात, दोघी त्यांच्यासमोर गोळ्या घेत. रत्ना ओट्यावर बसून असायची; धावायला मनाई होती. एका रविवारी हैबतीबाबांनी विचारलं,

"सर, खरं सांगा. फुडच्या हंगामात माजी रत्ना खेळंल का?"

रत्ना सरांकडे बघत होती. हो म्हणणं किती सोपं होतं!

"मला माहीत नाही, बाबा," सर म्हणाले. "गोळ्या एक दिवसही चुकवल्या नाहीत, तर बहुतेकजण बरे होतात, असं डॉक्टर सांगतात. रत्ना त्यांतली असेल असं मला वाटतं. पण मला माहीत नाही."

हैबतीबाबांनी तांब्या उचलून पाण्याचा पेला भरला आणि त्या दिवसाच्या गोळ्यांसोबत नातीच्या हातात दिला.