नाथाजीबुवाच्या गालातली गाठ

सत्तेचाळीस सालचा उन्हाळा. कुंडलच्या मारुतीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. पालथ्या पडलेल्या हंबीररावांच्या उघड्या पाठीला नाथाजीबुवानं तोंड लावलं, करकचून चोखलं आणि परातीत रक्ताळलेली काळी गाठ थुंकली.

"क्यान्सर म्हंत्यात त्यो ह्योच! इंग्रजी गोळ्यांनी आत कोंडला हुता. अजून एक मूळ हाय!"

लोक त्याच्या पाया पडू लागले. माझं डोकं भडकलं.

माझं सांगलीत औषधांचं दुकान. पलटणीतून पेन्शनीत निघालेल्या हंबीररावांचा प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा डॉक्टरांनी बायकांच्या संप्रेरकासारख्या नव्या गोळ्या लिहून दिल्या. त्या मी मुंबईहून मागवत असे. कंबर धरून आलेला माणूस ताठ चालू लागला. गोळ्यांनी छाती मात्र सुजते. ते मी आधीच सांगून ठेवलं होतं, "सुभेदार, लाजू नका. गोळी सोडायच्या आधी मला विचारा." तरी पुढची बाटली न्यायला ते आले नाहीत, म्हणून मीच गावात आलो होतो.

शेजारी त्यांच्या पत्नी साळूबाई रडत होत्या. "सुकुमारआण्णा, बुवा म्हनला ह्या गोळ्या बाप्याची बाई करत्यात. समद्या हिरीत टाकायला लावल्या. आता लय कण्हत्यात वो."

बुवा पुन्हा वाकला. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं धरला. "दुखणाईताला तोंड लावताय, आधी चूळ भरा."

"द्येवाच्या कामात इटाळ करतोस व्हय रं?" शब्द बोबडे येत होते.

"रोग चोखणाऱ्याला पाण्याचं भय कसलं?"

हंबीरराव कोपरावर उठले. "बुवा, भरा चूळ." आवाज पलटणीतला होता.

बुवा पळू लागला. गर्दीतल्या आप्पासो पाटलांनी त्याचं मानगूट धरलं, तशी गालातली पुडी परातीत पडून फुटली. बकऱ्याच्या आतड्यात बांधलेला काळजाचा तुकडा आणि रक्त. दातानं फोडायची, थुंकायची. एवढाच चमत्कार!

मघाशी पाया पडणारे आता हसू लागले.

"हसताय काय?" मी ओरडलो. "सुभेदारांचं औषध विहिरीत गेलं तेव्हा कुठं होता?"

"आण्णा," हंबीररावांनी विचारलं, "गोळीनं बरा हुईन का मी?"

"समूळ जाईल असं खोटं सांगणार नाही. रोग दबेल, दुखणं कमी होईल. सुजेचं डॉक्टरांना विचारू, मी बरोबर येतो."

त्यांनी हात पुढं केला. मी बरोबर आणलेली बाटली त्यावर ठेवली.

रोग हाडात, पाठीच्या कातडीला साधं भोक नाही, मग गाठ बाहेर आली कुठून? एवढ्या गर्दीत एकानंही हे विचारू नये? हा प्रश्न विचारायला औषधाचं दुकान लागत नाही.