काचेवरचा कान

साहेबांनी काचेवर पोस्टर चिकटवलं त्याच दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं, हे काढा म्हणून. मागाहून कोणी असं म्हणू नये की कोणी बोललंच नाही. मी बोलले होते, आणि माझा आवाज काही मंजूळ नाही. केबिनबाहेरच्या शिपायालाही शब्द न् शब्द ऐकू गेला होता.

आमचं काम हॉस्पिटलचे कपडे धुण्याचं. धुलाईखान्याच्या मधोमध भिंत आहे. पलीकडे मळकी बाजू, अलीकडे स्वच्छ बाजू. स्वच्छ बाजूची मी मुकादम. वॉर्डांतून आलेल्या चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं पलीकडे निवडतात आणि भिंतीत बसवलेल्या मशीनमध्ये भरतात. मशीनला दोन तोंडं आहेत. मळकं त्या तोंडाने आत जातं, धुतलेलं या तोंडाने आमच्याकडे निघतं. माणसांना मात्र मधून दार नाही. पलीकडच्या माणसाला इकडे यायचं तर अंगावरचं सगळं उतरवायचं, आंघोळ करायची आणि मागच्या अंगणातून वळसा घालून यायचं. रोगराई इकडे येऊ नये म्हणून हे सगळं, आणि ते बरोबरच आहे.

मशीनं सुरू झाली की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून भिंतीत एक मोठी काच आहे, आणि आमची सगळी बोली हातांची. डोक्यावर तळवा ठेवला की ऑपरेशनचे कपडे येताहेत. दोन बोटं उघडझाप केली की चादरीत कात्री सापडली. सापडते, त्यात काय, एकदा गाऊनच्या खिशात दातांची कवळी सापडली होती. आणि काचेवर मूठ आपटली की हातातलं सगळं सोडून बघायचं. मूठ म्हणजे सुई टोचली. जिला टोचली तिने नळाखाली हात धरून तिथेच थांबायचं, रक्ताने माखलेल्या एप्रनमध्ये बाहेर पळत सुटायचं नाही. फोन इकडेच असतो, तो इकडच्यांनी करायचा, बदली बाई पाठवायची, तिला घेऊन जायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. आमच्या आधीच्या बायकांनी घालून दिलेली रीत आहे.

पलीकडे माझी धाकटी जाऊ काम करते. घरी आमच्या दोघींत विस्तव जात नाही. मोठा बर्नर कोणी अडवला, दोरीवरचे कपडे कोणी सरकवले, रोज सकाळी शब्दाने शब्द वाढतो. पण काचेपाशी आलो की आम्ही दिवसभर बोलतो. ती मला सासूबाईंचं चालणं करून दाखवते आणि मी इकडे हसून हसून चादरीची घडी चुकवते. घरी तोंडाने जे कधी जमलं नाही ते इथे हातांनी जमलं होतं.

मग नवे साहेब आले. ऐकावं कसं, याचं कुठलंसं शिबिर करून आले होते. आपण बोलायला लागलो की ते पुढे झुकायचे, डोळ्यांत डोळे घालायचे आणि म्हणायचे, “हं.” आम्ही त्यांना हं-हं साहेब म्हणायला लागलो. त्यांनी एक भलं मोठं पोस्टर छापून आणलं. त्यावर माणसाएवढा गुलाबी कान, आणि खाली अक्षरं: ‘मनातलं बोला. आम्ही ऐकतोय.’ मुख्य कचेरीतून पाहुणे येणार होते आणि व्हरांड्यातून ठळक दिसणारी जागा एकच होती. आमची काच.

“साहेब, त्या काचेतून आम्ही बोलतो,” मी म्हटलं.

“हं. म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की तुमची जागा हिरावून घेतली.”

“मला वाटत बिटत काही नाही. पलीकडचं दिसत नाही, एवढंच.”

“हं. तुमची भावना माझ्यापर्यंत पोचली, ताई.”

भावना पोचली आणि पोस्टर तिथेच राहिलं. मी पुन्हा गेले, तर म्हणाले, पाहुणे येऊन जाऊ देत. पाहुणे आले, कानाचं कौतुक केलं, कानाशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. पोस्टर तिथेच.

ज्या दिवशी हे झालं त्या सकाळी घरी माझं आणि जावेचं जोरात वाजलं होतं. तिच्या लेकीचं, छोटीचं, दूध उतू गेलं, मी नुकत्याच पुसलेल्या ओट्यावर. मी नको ते बोलले, ती डबा न घेताच निघाली.

दुपारी मी चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरपाशी होते. पोस्टर थरथरलं. मी पाहिलं. मशीन जोरात फिरतंय म्हणून असेल असं वाटलं आणि मी पुढची चादर चढवली. थोड्या वेळाने ते पुन्हा थरथरलं.

पलीकडे जाऊ मूठ आपटत होती. कोणीतरी चादरीत टाकून दिलेली सुई हातमोज्यातून आरपार गेली होती. तिच्या जोडीची बाई त्या दिवशी रजेवर होती. बदली माणूस मागितला तर साहेब म्हणाले होते, एकमेकींना समजून घ्या. आता रिकाम्या खोलीत ती कोणाला समजून घेणार होती? मूठ आपटून ती रीतीप्रमाणे नळापाशी जाऊन उभी राहिली. काचेपलीकडे मी आहे, पोस्टर हललेलं मी पाहिलं असणार, कोणीतरी निघालं असणार. कोणी आलं नाही. ती पुन्हा काचेपाशी गेली, पुन्हा आपटली, पुन्हा नळाखाली हात धरला. अशा टोचण्यावर औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, हे तिला पाठ होतं. शिफ्ट सुटेपर्यंत ती तशीच उभी होती. संध्याकाळची बाई कामावर आली तेव्हा तिला ती दिसली.

मी धावत हॉस्पिटलात गेले, तर मला पाहून ती एवढंच म्हणाली, “सकाळचा राग धरलात ना, ताई?”

मी घाबरले. आणि घाबरले की मी ओरडते. आधी डॉक्टरांवर ओरडले, औषधाला उशीर का म्हणून. ते बिचारे म्हणाले, बाई, उशीर आमच्याकडे नाही झाला. औषध सुरू झालं होतं. सुई कोणत्या पेशंटची ते कळायला मार्ग नव्हता. रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागणार होतं, आणि पक्कं कळायला काही महिने.

दुसऱ्या दिवशी तिला आराम सांगितला होता, तरी साहेबांनी बोलावून घेतलं. सगळ्यांना गोल बसवलं.

“काल जे घडलं त्यातून आपण काय शिकलो?” साहेब म्हणाले. आवाज अगदी मऊ. “वेळेवर बोलायला हवं. माझं दार सदैव उघडं असतं. तरी यांनी कोणालाच कळवलं नाही, हे मला फार लागलं. वरिष्ठांनाही मी तसंच सांगणार आहे.”

म्हणजे दोष तिच्या माथी. उपचारांपासून नोकरीपर्यंत सगळं तिच्याच अंगावर. ती मान खाली घालून बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कळवलं नाही? मूठ आपटून आपटून तिचा हात सुजलाय! दाखव गं हात!”

“हं. तुमचा राग मी समजू शकतो—”

“समजू नका! पलीकडे जा. एप्रन चढवा, काचेमागे उभे राहा आणि आम्हाला सांगा सुई टोचली म्हणून. बघू कोणाला कळतंय.”

कदाचित ते गेले नसते. पण सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि शिपायाने न सांगताच दार उघडलं.

मी सगळी मशीनं सुरू करायला लावली. आम्ही अलीकडे कानासमोर उभ्या राहिलो. थोड्या वेळाने कान थरथरला. मग थांबला. मग पुन्हा थरथरला, या वेळी जरा जोरात. एक जण म्हणाली, बास झालं, बोलवा त्यांना. मी कोणाला जागचं हलू दिलं नाही. अख्खी एक धुलाई पूर्ण झाली, कपडे निघाले, तरी नाही. शेवटी ते अंगणातून वळसा घालून आले. केस ओले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

ते सरळ काचेपाशी गेले आणि नखांनी पोस्टर खरवडायला लागले. नीट निघेना, पट्ट्या पट्ट्या निघत होत्या. मग तिथेच, आमच्यासमोर, वरिष्ठांना फोन लावला. “चूक त्यांची नाही. काच मी झाकली. मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.” आवाज चोरटा होता, पण वाक्य पुरं केलं. जावेकडे वळून म्हणाले, “उपचारांचं सगळं आपण बघू. तुम्ही काळजी करू नका.” आणि गेले.

मी जिंकले होते. राग उतरला नव्हता, पण छाती फुगली होती. ती तेवढ्यात कपडे बदलायच्या खोलीत निघून गेली होती. मी तिच्यामागे गेले आणि साहेबांची बटणं कशी लागली होती ते हातवारे करून दाखवायला लागले. ती हसली नाही.

“झालं तुमचं?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“काल संध्याकाळपासून ओरडताय. डॉक्टरांवर, ह्यांच्यावर, आता साहेबांवर. माझ्यासाठीच ओरडताय, कळतंय मला. पण मला कोणी काही विचारलंय का?”

“काय विचारायचं?”

“काल मी बाहेरच्या खोलीत का झोपले, ते.”

रुसली, असं मी धरून चालले होते. आणि रुसली तर रुसू दे, आज तरी तिला हक्क आहे, असं म्हणून मी मनाचा मोठेपणाही दाखवला होता.

“छोटीला जवळ घेऊ की नको, मला कळत नाहीये, ताई.” तिने सुजलेला हात मांडीवर ठेवला. “ती दाराला धडका देत होती. मी आतून कडी लावून बसले.”

ते रडणं मला ऐकू आलं होतं. मी उठून धाकट्या दिरालाच झापलं होतं, पोरीला गप्प कर म्हणून.

“डॉक्टरांनी काल सांगितलं नाही तुला?”

“सांगितलं असेल. तुम्ही त्यांच्याशी भांडत होतात. मला काही ऐकूच आलं नाही.”

मी तिचा हात धरला, दुसरा, न दुखणारा, आणि तिला समोर हॉस्पिटलात घेऊन गेले. डॉक्टर मला बघून दोन पावलं मागे सरकले. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि तोंड बंद ठेवलं. तिचं तिने विचारलं.

“अहो, खुशाल घ्या,” ते म्हणाले. “मांडीवर घ्या, शेजारी झोपवा, पापे घ्या. त्याने काही होत नाही.”

“पापेसुद्धा?”

“पापेसुद्धा.”

तिने आणखी एकदा विचारलं. त्यांनी आणखी एकदा सांगितलं, न चिडता. मग ती वळली आणि चालायला लागली. जिन्यावरून खाली, फाटकातून बाहेर, रस्त्याच्या कडेने, बालवाडीच्या दिशेने. माझ्या गुडघ्यांना तो वेग झेपेना. मी खूप मागे पडले, पण तिला हाक मारली नाही.