निवांत गटातले उंदीर

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरचं प्राणीघर मामांच्या ताब्यात होतं. ते कुणाचे सख्खे मामा नव्हते, पण बावीस वर्षं उंदरांचे पिंजरे सांभाळल्यावर सगळी इमारत त्यांना मामाच म्हणायची. एकूण एकशेचाळीस पांढरे उंदीर. प्रत्येकाला आपण नुसत्या शेपटीवरून ओळखतो, असं मामा सांगत. थोडं फुगवून सांगत, पण फार नाही.

दोन वर्षांपासून दुसऱ्या मजल्यावरची एक संशोधक मुलगी त्यांच्याकडून उंदीर नेत होती. मामा तिला ताई म्हणत. एकदा त्यांनी विचारलं होतं, "ताई, नक्की शोधताय तरी काय?"

"सर्दीची गोळी घेता ना मामा? ती अंगातल्या हिस्टामिनला अडवते. तेच हिस्टामिन मेंदूतही असतं. उंदीर अचानक घाबरला की ते वाढतं. आणि गोड खाल्ल्यावर 'वा, मजा आली' असं मेंदूच्या ज्या भागामुळे वाटतं ना, तिथेही वाढतं. घाबरलेल्याची मजा कशी जाते, त्यात याचा हात किती, ते मला बघायचंय."

त्यासाठी काही उंदरांना अर्धा तास अरुंद नळकांड्यात ठेवायचं, ते घाबरत. बाकीच्यांना हातही लावायचा नाही. तो निवांत गट. दोघांच्या मेंदूतून केसासारख्या नळीने थेंब थेंब द्रव घ्यायचा आणि यंत्रावर मोजायचा. दोन वर्षं आकडे शहाण्यासारखे येत होते.

आणि मग बिघडले. निवांत गटातले उंदीरही घाबरल्यासारखे आकडे देऊ लागले. साखरेच्या पाण्याला तोंड लावेनात, कोपऱ्यात अंग चोरून बसू लागले. ताईने यंत्र तपासलं, रसायनं बदलली, नळ्या बदलल्या. आकडे ढिम्म हलेनात. प्रबंध द्यायला दोन महिने उरलेले. एका दुपारी ती प्राणीघरात स्टुलावर येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, मी हात टेकले. माझे आधीचे आकडेही खोटेच असणार."

मामांना ते बघवेना. त्यांनी पंखा बंद करून पाहिला, भुसा बदलला, दरवाजाच्या बिजागरीला तेल घातलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी तिची वही मागून घेतली आणि आपलं हजेरीचं रजिस्टर शेजारी ठेवून तारखांवरून बोट फिरवत गेले. दाढेसाठी त्यांनी दोन दिवस रजा घेतली होती. त्या दोन दिवसांत निवांत गट खरंच निवांत होता. रविवारी बदली माणूस असायचा. तेव्हाही निवांत.

म्हणजे उंदीर घाबरत होते ते त्यांनाच!

घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "काहीतरीच. बावीस वर्षांत नाही घाबरले ते, आणि आता तुम्हाला शिंगं फुटली होय?" बोलता बोलता तिने खुर्चीवरचा त्यांचा धुतलेला ॲप्रन घडी घालायला उचलला, आणि त्याच्यावर झोपलेली मांजर टुणकन खाली उतरली. महिन्याभरापूर्वी ती आपणहून घरात आली होती आणि तिने हीच खुर्ची पसंत केली होती.

मामांनी तो ॲप्रन हातात घेतला. त्याला मांजरीचे केस चिकटले होते. ॲप्रन घरी न्यायचा नाही, असा संस्थेचा नियम होता. पण तिथल्या धुलाईने त्यांची मान खाजायची, म्हणून वर्षानुवर्षं ते गुपचूप घरीच धुऊन आणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि तिच्या मार्गदर्शक मॅडम दोघींसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे. ताईंची दोन वर्षं माझ्यापायी पाण्यात गेली असतील तर मला कामावरून काढा."

मॅडम नावाजलेल्या कडक. त्यांनी चष्मा काढला. "मांजर कधी आली म्हणालात?"

"महिना झाला."

"आणि आकडे कधी बिघडले?"

ताई ताडकन उभी राहिली. "महिन्यापूर्वीच! मॅडम, म्हणजे त्याआधीचे सगळे आकडे खरे आहेत!"

"आधी खात्री करा," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज सैल झाला होता.

आठवडाभर मामा पाकिटातला कोरा ॲप्रन घालून वावरले. निवांत गट पुन्हा सुस्तावला, आकडे खाली आले. मग मॅडमच्या सांगण्यावरून मांजरीचे केस लागलेलं फडकं पिंजऱ्याशेजारी ठेवून पाहिलं, तर आकडे सरसर चढले. उंदरांना ना कुणी पकडलं होतं, ना कोंडलं होतं. नुसत्या वासाने त्यांची पाचावर धारण बसली होती.

"हे तर नळकांड्यापेक्षा चांगलं निघालं," मॅडम कागद चाळत म्हणाल्या. "हात न लावता घाबरवता येतं. प्रबंधात वेगळं प्रकरण करा याचं. आणि मामा, ॲप्रन इथेच धुवायचा. मान खाजत असेल तर साबण बदलायला सांगते. ही तक्रार बावीस वर्षांपूर्वीच करायची होती."

ताई हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मामांनी तिच्यासमोर स्टूल सरकवलं आणि स्वतः भुशाच्या गोणीवर टेकले. दोघं उंदरांची कुरतड ऐकत बसले.

मग मामांनी बाहेर जाऊन बायकोला फोन लावला.

"काय झालं? कामावरून काढलं का?"

"नाही काढलं."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "मग येताना कांदे आणा," ती म्हणाली. "आणि जरा सावकाश या. उगाच धावत येऊ नका."

मामा त्या दिवशी खरोखरच सावकाश गेले.