दोन कप्प्यांची दोरी

मी दोरी बोलतेय. कपडे वाळत घालायची. नाक मुरडू नका. तुम्ही वरून काय घालता आणि आतून काय घालता, दोन्ही मला ठाऊक असतं. आजवर तोंड उघडलं नाही, एवढंच.

एका दोरवाल्यानं मला वळलं. उलट्या पावलांनी मागे मागे जायचा आणि पीळ भरत जायचा. सुताचे सात पदर. माझ्या स्वभावातला पीळ तिथलाच.

दुकानातून मला आईनं आणलं. तिचा मुलगा दिवसभर ‘आई, आई’ करायचा, ते ऐकून मीही तिला आईच म्हणायला लागले. चार इयत्ता शिकलेली, हात राठ, तोंड त्याहून राठ. आमची गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरात कुणी शिंकलं तर आमच्याकडचा दिवा हलायचा. तिसऱ्या मजल्यावर आईची खिडकी आणि बरोबर समोर मावशीची. सख्खी नव्हे, मानलेली. दोन्ही खिडक्यांबाहेर भिंतीत एकेक कप्पी, आणि त्या दोन कप्प्यांवरून मी फिरवलेली, टोकाला टोक बांधून. आईनं खिडकीत उभं राहून कपडा अडकवायचा, मला ओढायचं, की कपडा पुढे सरकायचा. तिकडून मावशीचंही तेच. निम्मी दोरी हिची, निम्मी तिची. म्हणायला निम्मी.

“अगं ए, तुझ्या नवऱ्याची विजार माझ्या दारात आलीय!” मावशी ओरडायची.

“येऊ दे की. विजारच आलीय, तो तर नाही ना आला?”

मग आठ आठ दिवस अबोला. पण कपडे तर वाळवायचेच, म्हणजे मला ओढायचंच. मावशीनं तिकडून झटका दिला की आईला बरोबर कळायचं, आज हिचा राग आहे की नुसतं डोकं दुखतंय. चिमट्याला अडकवून माझ्यावरून किल्ल्या गेल्या, औषधाच्या गोळ्या गेल्या, एकदा तर चष्मा गेला. आईचा नवरा वारला तेव्हा महिनाभर आईचे कपडे मावशीनंच धुतले आणि वाळवून इकडे सरकवले. आईनं फक्त चिमटे काढायचे.

खोटं कशाला बोलू, हालही झाले. खालून धूर, वरून कबुतरं, आणि ऊन दिवसातून दीड तास. ओल्या टॉवेलांचा कुबट वास माझ्या अंगातच मुरला होता.

मुलगा मोठा साहेब झाला आणि त्यानं शहराबाहेर, बड्या लोकांच्या वस्तीत बंगला घेतला. निघायच्या दिवशी मावशीनं माझी गाठ सोडली. मग भिंतीतून आपली कप्पीही काढली आणि आईच्या हातात ठेवली.

“ही कशाला गं?”

“एकटी कप्पी घेऊन मी काय करू? ने. तिकडे असेलच की कुणीतरी समोर.”

समोर कुणी नव्हतं. समोर हिरवळ होती.

काय ती वस्ती! हिरवळ आहे, तिच्यावर बसायचं नाही. बाकं आहेत, त्यांवर कुणी टेकत नाही. फिरायला म्हणून खास रस्ता केलाय, तिथपर्यंत बायका गाडीनं जातात. कुत्र्यांना नावानं हाक मारतात आणि माणसांना घराच्या नंबरानं.

आई मला घेऊन जागा शोधायला लागली, तशी सूनबाई म्हणाली, “आई, इथे कपडे वाळवायचं मशीन आहे.”

“मग हे एवढं ऊन कशाला आहे?”

“ते... बघायला.”

वस्तीचा नियमच होता. पुढे नाही, मागे नाही, कपडे उघड्यावर वाळत घालायचे नाहीत, शोभा जाते. दोन कप्प्यांसकट माझी रवानगी खणात झाली, संपलेल्या सेलांशेजारी. खण मात्र चकाचक. धूर नाही, कबुतर नाही, लाकडाला मंद सुवास. तक्रार करायचीसुद्धा लाज वाटावी इतकं सुख. आणि तरी रोज सकाळी वाटायचं, आता झटका बसेल.

आईचंही तसंच. गुडघ्यांना आराम होता, स्वतंत्र खोली होती, आणि दिवसभरात तोंडातून शब्द निघायचे सहा. एके दिवशी उठली, खण उघडला, आणि घराच्या मागच्या अंगणात पाण्याच्या पाइपापासून झाडापर्यंत मला ताणून बांधलं.

असं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत! चादरी अशा कडक वाळायच्या की उभ्या राहतील. गल्लीची आठवण काढणारी मी, त्या उन्हात गल्ली विसरले. सांगायला लाज कसली? फक्त एक होतं. पाइप ओढत नाही.

पंधरा दिवसांनी मोठं वादळ झालं आणि तीन दिवस वीज गेली. घराघरातल्या मशीनमध्ये ओले कपडे अडकून आंबायला लागले. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी शेजारच्या अध्यक्षबाई आल्या. वस्तीच्या समितीच्या अध्यक्ष. हातात बादली, बादलीवर वर्तमानपत्र झाकलेलं.

“फक्त आजच्या दिवस हं.”

“आणा इकडे. लाजता काय, कपडेच आहेत.”

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा घरं माझ्यावर लोंबत होती. अगं बाई, काय काय पाहिलं! सदऱ्यावर हातभर कंपनीचं नाव, आत बनियन चाळणी. अध्यक्षबाईंच्या यजमानांची चड्डी निळ्या फुलांची, बसायच्या जागी पिवळं ठिगळ. पण काय सांगू, टाका इतका बारीक, इतका नीट, की मला कौतुक वाटलं. नंबर लावून उभ्या बायका बोलायलाही लागल्या.

“तुम्ही इथे कधीपासून?”

“आठ वर्षं झाली. तुम्ही?”

“नऊ. तुमच्या शेजारीच.”

वीज आली. कपडे गेले, बायका गेल्या, आणि मागोमाग समितीची नोटीस आली. नियमभंग. दोन दिवसांत दोरी काढा, नाहीतर चौकीदार कापून नेईल. सोबत पुरावा म्हणून खांबावरच्या कॅमेऱ्यातला फोटो. खाली अध्यक्षबाईंची सही, न बघता ठोकलेली.

“आई, काढून टाक ना,” मुलगा म्हणाला. “आम्हाला इथे राहायचंय.”

“आणि मला?”

तो नोटिशीची घडी घालू लागला.

“दोरी कापली तर माझीही पिशवी भरून ठेव. मावशीच्या खोलीत माझ्यापुरती जागा आहे.”

कापलेली दोरी कुठल्याच खिडकीला पुरत नाही. आणि सहा शब्द बोलून का होईना, आई लेकाच्या घरात होती.

मग आईनं चष्मा लावून तो फोटो नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. मला उतरवलं, वेटोळं करून खांद्यावर टाकलं, आणि थेट समितीच्या बैठकीत जाऊन टेबलावर आपटलं, शेजारी तो फोटो ठेवला.

“ही घ्या दोरी, कापा. पण आधी कुठल्या कपड्यानं शोभा गेली ते सांगा. ही चड्डी बघा, निळ्या फुलांची, पिवळ्या ठिगळाची. माझ्या घरात असली चड्डी नाही. ज्याची असेल त्यानं हात वर करावा.”

एकाही माणसाचा हात टेबलावरून हलला नाही. अध्यक्षबाईंचे यजमान छताकडे बघायला लागले.

“हे बनियन? हा गाऊन? अकरा घरं आहेत यात. नोटिसा अकरा काढा, मग मी स्वतः कात्री आणून देते.”

बराच वेळ नुसत्या कुजबुजी चालल्या. शेवटी एकमतानं ठराव झाला की फोटो अस्पष्ट आहे, सबब तिथे दोरी नाही. नियम कायम. कागदोपत्री मी नाहीच, बरं का. तुम्ही इतका वेळ ऐकताय, ते कुणाचं, ते तुमचं तुम्ही बघा.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई पुन्हा मागच्या दारानं आल्या. या खेपेला बादली नव्हती.

“ते ठिगळ मीच लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “टाका आमच्या आईनं शिकवलेला. आता कुणाला दाखवणार?”

“झकास आहे,” आई म्हणाली. आईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

“आमची मागची खिडकी... तुमच्या खिडकीच्या बरोबर समोर येते.”

आईनं काही न बोलता खण उघडला आणि मावशीची कप्पी बाईंच्या हातात ठेवली. “स्क्रू घट्ट बसव,” म्हणाली. आईच्या तोंडचं ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, दोघींनाही कळलं नाही.

आता मी दोन भिंतींमध्ये आहे, टोकाला टोक बांधून. बाईला ओढता येत नाही. फार जोरात ओढते, मध्येच सोडते. मावशीचा झटका नाही तो. पण पाइपही नाही.

काल सकाळी आई खिडकीतून ओरडली, “अगं ए, तुझ्या नवऱ्याची चड्डी माझ्या दारात आलीय!”

समोरची खिडकी किलकिली झाली. अध्यक्षबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“हळू बोला हो!” मग थोडं थांबून, “...येऊ दे.”

तुमच्याही घरी एखादी कप्पी खणात पडली असेल. समोरच्या घरात नेऊन द्या. आणि मला भेटायला आलात तर मागच्या बाजूनं या. पुढून मी दिसत नाही, तसा ठरावच आहे. येते आता. तिकडून ओढ बसलीय.