दोन्ही वाटा

उत्कर्षाचा आठवा महिना संपत आला, तेव्हा केतकर डॉक्टरांनी विचारलं, "मग काय ठरलं? नॉर्मलचा प्रयत्न करायचा, की पुन्हा सिझेरियन?"

थोरल्या सोनूच्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं. बाळाचे ठोके कमी झाले आणि तिला सरळ आत नेलं. नंतर टाक्यांत पू झाला. कित्येक दिवस सोनूला तिने आडवं पडूनच पाजलं.

"तुम्हीच सांगा ना," उत्कर्षा म्हणाली.

"नॉर्मलला गेलो तर जुना टाका आतून उसवायची भीती. शक्यता कमी, पण उसवला तर दोघांच्याही जिवावर बेततं. पुन्हा सिझेरियन केलं तर आत सगळं चिकटलेलं असू शकतं. रक्त जास्त जातं, मूत्राशयाला इजा होऊ शकते. पुढे तिसरं हवं असेल, तर बाळाची वार जुन्या टाक्यात रुतायची भीतीही वाढते."

"म्हणजे कमी धोका कशात?"

"तुमच्या बाबतीत दोन्ही चालतील. मी सल्ला देते, भविष्य सांगत नाही."

वाघोलीला घरी परतताना तिचा नवरा शुभंकर म्हणाला, "सिझेरियन करून टाकू. तारीख तरी माहीत असेल." तिच्या बाळंतपणासाठी यवतमाळहून आलेल्या तिच्या आई विमलाबाई मात्र म्हणाल्या, "मागच्या वेळी किती हाल झाले तुये, मी पाह्यलं. मले तं पुन्हा कापायचं नाव नको." आईचं ऐकलं की उत्कर्षाला तेच पटायचं. शुभंकरचं ऐकलं की तेही. शेवटी तिने नॉर्मलला होकार दिला आणि त्या क्षणापासून तिला वाटू लागलं, आपण भलतंच ठरवलं.

कळा सकाळी सुरू झाल्या. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग बाळ खाली सरकेना, ठोके मंदावले आणि जुन्या टाक्यापाशी वेगळंच दुखू लागलं. केतकर डॉक्टर म्हणाल्या, "आता थांबायचं नाही, सिझेरियन करू."

मुलगा रडला ते तिने ऐकलं. त्यानंतर बराच वेळ तिला कुणी काही सांगेना. पडद्यापलीकडे डॉक्टर हळू आवाजात बोलत होत्या, आणखी कुणाला तरी बोलावत होत्या.

संध्याकाळी त्या खाटेशी बसल्या. "बाळ छान आहे. तुमचं मूत्राशय जुन्या टाक्याला घट्ट चिकटलं होतं, सोडवताना थोडं फाटलं. शिवलंय. काही दिवस लघवीची नळी ठेवावी लागेल."

"आधीच सिझेरियन केलं असतं तर?"

"चिकटलेलं तेव्हाही असतंच. कदाचित निवांत सोडवता आलं असतं. कदाचित तरीही फाटलं असतं."

"आणि टाका?"

"उसवला नव्हता. पण फार पातळ झाला होता."

"म्हणजे मी चुकले?"

डॉक्टर म्हणाल्या, "मला नाही तसं म्हणता येणार."

नळीची पिशवी बाजूला घेऊन उत्कर्षा घरी वावरू लागली. सोनू पिशवीकडे बघून लांबच उभी राहायची. विमलाबाई बाळाला न्हाऊ घालायच्या, पण सिझेरियनचा विषय निघाला की दुपटी वाळत घालायला उठायच्या. शुभंकरही कधी 'मी म्हटलं होतं' असं म्हणाला नाही. त्याने ते म्हणून टाकलं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. भांडता तरी आलं असतं.

नळी काढली त्या दिवशी दवाखान्यातल्या बाथरूममध्ये तिला आपली आपण लघवी झाली. आत बसून ती रडली. शुभंकरने दार वाजवलं.

"दुखतंय का?"

"नाही."

"मग काय झालं?"

तिने तोंडावर पाणी मारलं. "बाळ उठलं असेल, घरी जाऊ," ती म्हणाली आणि कडी काढली.